जमीन विकण्यापूर्वी भावकीला विचारा

गणेशोत्सव आला की कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहतात. वर्षभर बंद असलेल्या घरांची दारे उघडतात, अंगण सारवले जाते आणि मुंबई-पुण्याचा चाकरमानी पाच-सात दिवस पुन्हा गावकरी होतो. अलीकडे मात्र आरती आणि भजन आटोपल्यावर पडवीत आणखी एक विषय हमखास निघतो. शेत पडीक आहे, कलमांना वानरांनी काही ठेवलेले नाही, सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावे आहेत, पुढची पिढी येथे येणार नाही, गिऱ्हाईक आलेच आहे तर देऊन टाकावे, असा त्या बोलण्याचा सूर असतो. विसर्जन होते, घरे पुन्हा बंद होतात आणि काही महिन्यांनी एखाद्या शहरी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर वकिलाच्या सहीची जाहीर नोटीस झळकते. अमुक गट क्रमांक, अमुक क्षेत्र, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा हरकत नाही असे समजण्यात येईल. ज्याची हरकत असू शकते तो चुलतभाऊ गावात शेत कसत असतो आणि ते वृत्तपत्र त्याच्या वाडीत पोहोचतच नाही.

या नोटिशीत बेकायदेशीर काहीही नसते. तरीही तिच्यात आजच्या ग्रामजीवनाचे एक मोठे दुखणे दडलेले आहे. वडिलोपार्जित जमीन विकली जात आहे, एवढेच ते दुखणे नव्हे. ज्यांना आधी विचारायला हवे त्यांना शेवटी कळते, हे खरे दुखणे आहे.

जमीन विकणाऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. काळ्या आईला विकले म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडणारे बहुधा स्वतः शहरातच राहत असतात. त्याची अडचण खोटी नाही. कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील सरासरी वहिती धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. कोकणातील भाताची खाचरे तर गुंठ्यांतच मोजावी लागतात. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्गाची सुमारे ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली. कसणारे हात गेले, मजूर मिळेनासे झाले. दुसऱ्याला कसायला द्यावी तर कूळ लागण्याची भीती. अशा स्थितीत मुलीच्या शिक्षणासाठी, आईच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा शहरातील घराच्या कर्जफेडीसाठी कोणी आपला हिस्सा विकला तर त्यात पाप नाही. शहाण्या समाजाने त्याला हिणवू नये.

परंतु गरजेपोटी होणारी विक्री आणि कंटाळ्यापोटी होणारी विक्री यांत फरक केला पाहिजे. आज होणाऱ्या व्यवहारांत दुसऱ्या प्रकारची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी आहे. जमीन नकोशी झाली म्हणून ती विकली जाते. नकोशा वस्तूची किंमत कोणी नीट करत नाही, तिचे गिऱ्हाईक कोण आहे हे पाहत नाही आणि ती दुसऱ्या कोणाला हवी आहे का, असेही विचारत नाही.

ही नकोशी जमीन आजोबांच्या हाती कशी आली, याचा विसर पडला की असे घडते. रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध तेथील आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारला. खोताची जमीन कसायची नाही, असा तो निर्धार होता. सुमारे सहा वर्षे तो संप चालला. त्या काळात त्या शेतकऱ्यांनी जंगलातून लाकूडफाटा आणून, मिळेल ती मजुरी करून, अर्धपोटी राहून दिवस काढले, पण निर्धार सोडला नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, खोती संपुष्टात आली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कायद्याने कूळ जमिनीचा मालक मानला गेला. आज त्याच अलिबाग तालुक्यात मुंबईच्या धनिकांची उंच कुंपणांची शेतघरे उभी आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून ते अंतर आणखी कमी झाले. ज्या भूमीसाठी एका पिढीने सहा वर्षे उपास काढले, तिची विक्री नातवंडांच्या पिढीत एका दुपारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात उरकते. विकणाऱ्याला तो अधिकार आहेच. पण आजोबांचा इतिहास त्याला कोणी सांगितलाच नसेल, तर ती चूक एकट्या त्याची नाही.

अशा विक्रीची रीतही पाहण्यासारखी आहे. दलाल प्रथम गावात येत नाही. तो सातबारा पाहतो, त्यावरील नावे टिपून घेतो आणि सर्वांत दूर राहणाऱ्या, सर्वांत अडलेल्या किंवा गावाशी सर्वांत कमी संबंध उरलेल्या वारसाकडे जातो. त्याचा अविभक्त हिस्सा साठेकराराने बांधून घेतला जातो, हातावर विसार ठेवला जातो आणि कुलमुखत्यारपत्रावर सही होते. एकदा एक हिस्सेदार फुटला की उरलेल्यांना सांगणे सोपे जाते : बाकीच्यांनी दिली आहे, तुम्ही मागे राहिलात तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. भावकीत पूर्वीचा अबोला असेल तर दलालाचे निम्मे काम झालेलेच असते. भाऊबंदकी हा शब्द मराठीत भांडणाचा समानार्थी झाला, याचा लाभ आजवर भावांपेक्षा तिसऱ्यानेच अधिक घेतला आहे.

तो तिसरा काय जाणतो आणि विकणारा काय जाणत नाही, यावर भाव ठरतो. शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला आणि नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. या दोन्ही प्रकल्पांची चर्चा त्याआधी कित्येक वर्षे चालू होती. उरण, पनवेल, पेण या पट्ट्यात त्या काळात ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना भाताच्या खाचराचा भाव मिळाला आणि ज्यांनी घेतल्या ते भविष्यातील शहराचा भाव घेऊन बसले. राजापूर तालुक्यातील नाणार परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ मध्ये अधिसूचना निघाली आणि २०१९ मध्ये ती रद्द झाली. त्या दरम्यान, घोषणेच्या आधीच बाहेरच्यांनी तेथे जमिनी घेऊन ठेवल्याचे आरोप उघडपणे झाले. प्रकल्प चांगला की वाईट हा वेगळा प्रश्न आहे. रस्ता कोठून जाणार हे आधी कोणाला कळते, हा प्रश्न मात्र प्रत्येक प्रकल्पात तोच असतो आणि त्याचे उत्तरही तेच असते. शेतकऱ्याला ते सर्वांत शेवटी कळते.

व्यवहार रोखीत झाला की विकणारा आणखी एका सापळ्यात अडकतो. खरेदीखतात कमी रक्कम दाखवायची, उरलेली हातात घ्यायची, दोघांचाही कर वाचेल, असे त्याला समजावले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की नगरपालिका वा महापालिकेच्या हद्दीपासून लोकसंख्येनुसार ठरलेल्या दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या पलीकडील ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच मानली जात नाही. तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. म्हणजे अशी जमीन विकणाऱ्याला रक्कम लपवण्याचे काहीच कारण नाही. लपवण्याची गरज असते ती घेणाऱ्याला, स्वतःचा बेहिशेबी पैसा मातीत पुरण्यासाठी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड स्वीकारणाऱ्यालाच होतो. दुसऱ्याचा काळा पैसा पांढरा करताना स्वतःचा पांढरा पैसा काळा करून घेण्याचा हा धंदा आहे. शिवाय रोख आलेली रक्कम बारा वारसांत वाटली जाते तेव्हा तिची जमीन होत नाही, घर होत नाही, दुकानही होत नाही. तिची दुचाकी होते, एक समारंभ होतो आणि दोन-तीन वर्षांत ती संपते.

विक्री झाल्यावर गावात काय होते, याचा विचार विकणारा सहसा करत नाही, कारण तो तेथे नसतो. प्रथम कुंपण येते. ज्या बांधावरून चार पिढ्या गुरे जात होती ती वाट बंद होते. नदीवरचा पाणवठा, सामाईक विहीर, पावसाळ्यात डोंगराचे पाणी वाहून नेणारा व्हाळ यांच्या वापराचे करार कधी कागदावर झालेले नव्हते, ते माणसांच्या ओळखीवर चालत होते. नवा मालक ओळखीचा नाही, कित्येकदा तो माणूसही नाही, कंपनी आहे. शिमग्याची पालखी ज्या अंगणातून जायची तेथे आता पहारेकरी बसलेला असतो. मागे राहिलेला एकटा चुलतभाऊ दिवाणी न्यायालयात वहिवाटीचा दावा लावतो आणि तारखांचा खर्च सोसवेनासा झाला की तोही आपला हिस्सा त्याच गिऱ्हाइकाला देतो. गाव असे विकले जाते. एका सौद्यात नव्हे, पहिल्या सौद्याने पुढचे सगळे सौदे अपरिहार्य करून.

आपल्या परंपरेला हा धोका ठाऊक होता. बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. पुढे महाराष्ट्रासह भारताच्या बहुतेक भागांत हिंदूंचा वारसा याच ग्रंथाने चालला. भूमी दुसऱ्याकडे जाण्याचे सहा टप्पे तेथे सांगितले आहेत : गावाची संमती, ज्ञातींची, शेजाऱ्यांची, वारसांची, आणि मग सुवर्ण व उदक देऊन केलेले दान. विज्ञानेश्वराने त्यांची कारणेही दिली आहेत आणि ती अत्यंत व्यवहारी आहेत. गावाची संमती कशासाठी, तर व्यवहार उजेडात यावा म्हणून. ती नसली तर व्यवहारच होत नाही असे त्याचे म्हणणे नाही. शेजाऱ्यांची संमती सीमेचा तंटा उद्भवू नये म्हणून. ज्ञातींची संमती यासाठी की कुटुंब विभक्त होते की अविभक्त, असा वाद पुढे निघू नये. आणि विक्रीलाही दानाचे रूप द्यायचे, कारण भूमी विकणे ही शोभेची गोष्ट मानलेली नव्हती. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या शास्त्रकाराने विक्री अशक्य केली नाही. त्याने चोरून होणारी विक्री अवघड केली. आजच्या चौदा दिवसांच्या जाहीर नोटिशीमागे हाच हेतू आहे, फक्त ती ज्याच्यासाठी असते त्याच्यापर्यंत जात नाही.

आधुनिक कायद्यानेही हा विचार पूर्णपणे सोडलेला नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या व्यक्तीची स्थावर मालमत्ता वर्ग एकच्या दोन वा अधिक वारसांकडे आली आणि त्यांपैकी एकाने आपला हिस्सा विकायचे ठरवले, तर तो घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांना आहे. किमतीवर एकमत झाले नाही तर न्यायालय किंमत ठरवून देते. हे कलम शेतजमिनीला लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. राहत्या अविभक्त घराचा हिस्सा परक्याने घेतला आणि त्याने वाटपाचा दावा लावला, तर तो हिस्सा विकत घेण्याची मुभा १८९३ चा वाटप कायदा घरच्या हिस्सेदारांना देतो. केवळ साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. भावकीच्या हाती शस्त्रे आहेत. ती वापरायची तर व्यवहार वेळेत कळला पाहिजे.

आणि भावकी म्हणजे केवळ भाऊ नव्हेत. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला सहदायादाचा हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला आणि वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तरीही अनेक घरांत बहिणीला आठवतात ते हक्कसोडपत्रावर सही हवी तेव्हाच. भावाच्या संसारासाठी माहेरवाशिणीने हक्क सोडला, हा तिचा मोठेपणा. परंतु तिने सोडलेला हिस्सा वर्षभरात परक्याला विकून भावाने पैसे घेतले, तर तो तिच्या मोठेपणाचा अपमान आहे. ज्या बहिणीकडून हक्कसोड घेतले, तिला विक्रीपूर्वी विचारण्याची जबाबदारी कायद्यापेक्षा मोठी आहे.

कोणी म्हणेल, विकू नका असे सांगणे सोपे, सांभाळणार कोण? हा आक्षेप रास्त आहे, कारण न विकता टाकून दिलेली जमीनही सुरक्षित नसते. परदेशी वा परगावी गेलेल्या मालकांच्या वडिलोपार्जित जमिनी बनावट कागदपत्रांनी, काही प्रकरणांत पोर्तुगीज काळातील म्हणून रचलेल्या दस्तांनी, बळकावल्याच्या तक्रारी गोव्यात इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये तेथील सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. मृत आजोबांचे नाव सातबाऱ्यावर तसेच ठेवणे ही भक्ती नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. महाराष्ट्रात २०२५ मध्ये जिवंत सातबारा ही मोहीम महसूल विभागाने हाती घेतली, ती याचसाठी. वारसनोंद करून घ्यावी. एकमत असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ अन्वये तहसीलदाराकडून वाटप करून घ्यावे. हिस्सा मोजून वेगळा झाला की निम्मा तंटा संपतो आणि दलालाचे निम्मे भांडवलही.

पुढचा प्रश्न कसण्याचा. कूळ लागण्याच्या भीतीने कित्येक एकर जमीन पडीक राहते, पण कुळकायद्याच्या कलम ४ मध्येच मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती आणि मजुरीवर राबणारा गडी यांना कूळ या व्याख्येतून वगळले आहे. गावी राहणाऱ्या सख्ख्या भावाला जमीन कसायला देताना, अटी लिहून आणि जाणत्या वकिलाला दाखवून, ही भीती दूर करता येते. जेथे शहर दारात आले आहे तेथेही विकणे हा एकमेव मार्ग नाही. हडपसरच्या मगरपट्टा परिसरातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि २००० च्या सुमारास स्वतःच नगर वसवायला घेतले. जमीन देऊन ती कुटुंबे भागधारक झाली. नवी मुंबईच्या भूमिपुत्रांना दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये रक्त सांडून लढावे लागले, तेव्हा कोठे पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. दोन्ही उदाहरणांचा अर्थ एकच. एकत्र राहिलेल्यांना वाटा मिळाला.

येथे गावोगावच्या मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी ही मंडळे मोठ्या निष्ठेने निधी उभा करतात. संगमरवरी फरशी बसते, नवा कळस चढतो, देणगीदारांच्या नावांची पाटी लागते. त्याच वेळी मंदिरामागचा डोंगर, देवराईलगतचे वरकस आणि पालखीच्या वाटेवरचे शेत विकले जात असते आणि विकणाऱ्यांत पाटीवरची काही नावेही असतात. देवाचे देऊळ राखायचे आणि देवाचे गाव विकायचे, ही निष्ठा अपुरी आहे. मंडळाने प्रत्येक गटाच्या वारसांची यादी ठेवावी. कोणाला हिस्सा विकणे भाग असेल तर ती बातमी आधी गावात फिरावी. गावात कसणाऱ्या सहहिस्सेदाराला तो घेण्यासाठी बिनव्याजी रक्कम उभी करून द्यावी आणि त्याने ती हप्त्यांनी फेडावी. विकणाऱ्यालाही बाजारभाव मिळाला पाहिजे. भावकीच्या नावाखाली त्याला नाडणे हा दलालीचाच दुसरा प्रकार ठरेल. एखाद्या वर्षी कळस साधा राहिला तर ग्रामदेवता रागावणार नाही.

विकण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे आणि तो राहिला पाहिजे. विचारण्याचे कर्तव्यही प्रत्येकाचे आहे. सही करण्यापूर्वी गावच्या चुलतभावाला एक पत्र लिहावे, बहिणीला एक फोन करावा, शेजारच्या शेतकऱ्याला सांगावे आणि ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत विषय काढावा. कोणालाच जमीन नको असेल तर ती खुशाल विकावी, पूर्ण रक्कम खरेदीखतात लिहून आणि बँकेतून घेऊन. परंतु दहापैकी एका वेळी तरी समोरून उत्तर येईल, थांब, मी घेतो. ते उत्तर ऐकण्याची संधी स्वतःला आणि गावाला न देता केलेली विक्री कायद्याच्या कसोटीला उतरेल, भावकीच्या कसोटीला नाही.